तिसऱ्या बाभळीच्या अलीकडे

मादूकाका,

तुम्हाला जाऊन सतरा दिवस झाले आणि एवढ्यात तुमच्या नावाचा एक कागद गावात फिरूनही गेला. जिवंतपणी तुमचं नाव कशावरच नव्हतं. घाटाचा ठेका ठेकेदाराच्या नावावर, डोंगा ठेकेदाराचा, घाटावरच्या पाटीवर कोणा साहेबाची सही. तुम्ही नुसते मादू भोई. मेल्यावर मात्र सरकारला तुमचं पूर्ण नाव सापडलं. बापाच्या नावासकट, वय अंदाजे पंचावन्न, धंदा डोंगा चालवणे. आणि त्याखाली एक वाक्य: सदर इसमाने निष्काळजीपणे व घाईने, नेहमीच्या जागेच्या अलीकडूनच डोंगा सोडल्यामुळे अपघात घडला.

निष्काळजी म्हणे. तुम्ही. वाचून आधी मला हसू आलं आणि मग असा संताप आला की हातातला कप मी ओट्यावर आपटला. त्याचा कान तुटला. माय आतून म्हणाली, "कपानं काय केलं तुह्यं?"

कागद घेऊन तलाठी आले होते. त्या दिवशी डोंग्यात बसलेल्या सगळ्यांच्या सह्या नि अंगठे त्यावर झाले होते. पाटलांची सही झोकदार, ठेकेदाराच्या मुनिमाची सही त्याच्या खाली. माझी तेवढी बाकी होती. तलाठी म्हणाले, "बाई, अठी करा सही. मले अजून दोन गावं जा लागते."

"वाचू तर द्या."

"वाचाले काय आहे त्यात? समद्यांनी केली."

"म्हणूनच वाचते," मी म्हटलं, आणि वाचून कागद तसाच परत दिला. सही करणार नसेन तर सोमवारी तहसिलीत येऊन जबानी द्यावी लागेल, असं ते सांगून गेले. जाताना दाराशी थांबून हेही म्हणाले की शाळा सरकारी आहे, बाई, जरा इचार करा.

या एका वाक्यावर तुमच्या नामदेवचं पोट अडकलं आहे, काका. तुम्ही गेल्यावर घाटावर तोच उभा राहणार हे सगळा गाव धरून चालला होता. पण तुमचं तेरावं झालं त्याच दिवशी मुनिमानं त्याच्या हातातून वल्हं काढून घेतलं. निष्काळजी माणसाच्या घरात डोंगा देता येत नाही म्हणे, वरून हुकूम आहे. सध्या घाटावर बाहेरगावचा कोणी आणून बसवला आहे. त्याला पूर्णा नदी आहे की नाला हेही अजून कळलेलं नाही. तुमच्या घरी गिरजाकाकी दाराशी बसलेल्या असतात आणि नामदेव वाळत घातलेलं जाळं सारखं इकडून तिकडे करत असतो. मी गेले की तो उठून उभा राहतो. तुमच्यासारखाच, बाईला बसायला द्या म्हणतो.

मला त्या वाक्याचा राग ते खोटं आहे म्हणून येत नाही. खोटं असतं तर खोडता आलं असतं. डोंगा अलीकडून सुटला हे खरं. घाई झाली हेही खरं. फक्त घाई कोणाची, एवढं लिहायचं त्यांनी टाळलं. आणि त्यातली एक गोष्ट मीही तोवर कोणाला सांगितलेली नव्हती. ती तुम्हाला ठाऊक आहे.

ज्यांनी तो कागद लिहिला त्यांनी आयुष्यात कधी डोंगा चढवलेला पाहिला नसणार. त्यांना वाटतं, डोंग्यात बसायचं आणि समोर जायचं. पूर्णेला पाणी असलं की समोर कोण जातं? धार खाली ओढत नेते. म्हणून आधी डोंगा काठाकाठानं वर चढवायचा. चार माणसं अंबाडीचा दोर खांद्यावर घेऊन काठानं पुढे वाकून चालणार, काळ्या मातीत पिंढरीपर्यंत पाय रुतणार, एक पाय उपसेपर्यंत दुसरा आत. तुम्ही डोंग्यात उभे राहून बांबूनं त्याला काठापासून दूर ठेवणार. पाहिजे तितकं वर गेलं की दोर सोडायचा, आणि मग धारच डोंग्याला तिरपं नेत बरोबर समोरच्या घाटावर टाकते. सगळी अक्कल किती वर चढवायचं यात. ती अक्कल तुमच्याकडे होती आणि तिची खूण म्हणजे काठावरच्या तीन बाभळी. साध्या पाण्यात पहिल्या बाभळीवरून सोडायचं, पुरात दुसऱ्या बाभळीवरून. तिसरीपर्यंत जायची वेळच पूर्वी येत नसे.

मग पूल आला. म्हणजे पुलाचे दोन खांब आले. तीन वर्षांपूर्वी ते नदीत उभे केले, डोक्यातून लोखंडी सळया वर काढल्या आणि सगळे जण निघून गेले. पैसा संपला म्हणे. खांब तिथेच राहिले. पाणी त्यांच्यावर आदळून फिरू लागलं, आणि पहिल्या पावसाळ्यात तुम्ही आठ दिवस डोंगा हलवलाच नाहीत. मुनीम काठावरून शिव्या घालत होता आणि तुम्ही कापसाच्या पऱ्हाटीच्या वाळक्या पेंढ्या एकेक करून पाण्यात टाकत होता. शाळा बंद पडली म्हणून मीही तुमच्यासोबत चिखलात उभी होते. दुसऱ्या बाभळीवरून टाकलेली प्रत्येक पेंढी खांबावर जाऊन बसायची. तिसरीवरून टाकलेली खांबाच्या वरच्या अंगानं पलीकडे निघून जायची. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "पायलं का, मास्तरीण? आता दुसरी बाभूळ मेली आपल्यासाठी." त्या दिवसापासून कितीही उशीर होवो, कोणीही असो, पाणी चढलं की डोंगा तिसऱ्या बाभळीवरूनच. आठ दिवस पेंढ्या टाकणारा माणूस निष्काळजी असेल तर काळजी घेणारा कसा दिसतो ते मला एकदा त्या तहसीलदारानं दाखवावं.

तुम्ही मला मास्तरीण फार उशिरा म्हणायला लागलात. आधी मी नुसती पोरगी होते, पलीकडच्या वस्तीतल्या शाळेत शिकायला जाणारी, आमच्या मोहल्ल्यातून एकटीच. पहिल्या दिवशी मी डोंग्याच्या कडेला उभी राहिले होते, कारण कुठं बसायचं ते मला माहीत नव्हतं. म्हणजे कुठं बसायचं नाही तेवढं माहीत होतं. तुम्ही सगळ्यांकडे एकदा पाहिलंत, माझ्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "हे पोरगी मधात. पाटलीनबाई, तुमी मागं सरका."

पाटलीणबाई सरकल्या नाहीत. त्यांनी पदर आवरून घेतला. म्हणाल्या, "मादू, तुले दिसत नाई का कोन आहे ते?"

"दिसते ना. वीस शेराची आहे. तुमी किती शेराच्या आहा ते मी नाई सांगत." आणि बांबू टेकून उभे राहिलात. "मले डोंगा सरळ ठेवा लागते. नसन बसाचं तं उतरा, वजन कमी होईन."

डोंग्यातले सगळे नदीकडे पाहू लागले. हसू दाबायला दुसरी जागा नव्हती. पाटलीणबाई मागे सरकल्या. मी मधे बसले आणि चार वर्षं मधेच बसले. मी तुम्हाला एकदा मोठेपणी म्हटलं होतं की काका, तुम्ही त्या दिवशी केवढं मोठं काम केलंत. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत, जणू मला काही झालं आहे. "मोठं काय त्यात? हलकं मानूस मधात बसते. जड कडेले बसलं तर डोंगा पलटते." तुम्हाला खरंच एवढंच म्हणायचं होतं की तुम्ही वेड पांघरत होता, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

दीक्षेच्या वर्षी आमचा अख्खा मोहल्ला नागपूरला निघाला होता. मूर्तिजापूरला गाडी धरायची, तर आधी पूर्णा ओलांडायची. दसऱ्याआधी पाणी अजून भरपूर होतं. गावातल्या काही बड्या लोकांनी ठेकेदाराला सांगून ठेवलं होतं की त्या दोन दिवसांत डोंगा दुरुस्तीला काढ. मुनीम आला, डोंगा काढा म्हणाला. तुम्ही म्हणालात, "कोठी फुटला आहे ते दाखव, काढतो." त्याला काही दाखवता येईना. तुम्ही दिवसभर माणसं वाहिलीत. पांढरी लुगडी, पांढरे सदरे, डोक्यावर शिदोऱ्या. दोर ओढायला आमचीच माणसं होती, आणि उतरल्यावर जो तो पुन्हा दोर ओढायला थांबू पाहत होता. तुम्ही सगळ्यांना हाकललंत, गाडी चुकेल म्हणून. माय अजून सांगते की शेवटच्या खेपेला तुमच्या हातांची कातडी दोन ठिकाणी सोलली होती आणि तुम्ही ते हात धोतरात लपवत होता.

आणि नागपूरहून आल्यावर मी तुमच्याशी भांडायला लागले. सोळा वर्षांची होते, सगळं नवं नवं कळलेलं होतं. डोंगा सोडण्याआधी तुम्ही दरवेळी वाकून पाण्याला हात लावायचे, ओला हात कपाळाला लावायचे आणि तसेच वाकलेले राहायचे. मी म्हणायची, काका, पाणी म्हणजे पाणी, त्याला कसला नमस्कार? त्यानं काय होतं? पुढे मास्तरीण झाले तरी हे भांडण चालूच राहिलं. रोज सकाळी तुम्ही वाकलात की मी म्हणायची, "झालं का काका तुमचं?" आणि डोंग्यातले लोक हसायचे.

एकदाच तुम्ही मला नीट उत्तर दिलंत. उन्हाळा होता, नदी आटून डबकी राहिली होती, आणि तुम्ही वाळूत डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, वेलांना पाणी घालत होता. म्हणालात, "मास्तरीण, मी पाया पडतो म्हून नदी मले वाचवते असं मी कवा म्हनलं? वाकलं की मानूस थांबते. थांबलं की पानी दिसते. उभ्यानं नाई दिसत. मंग सोडाचं का नाई ते ठरवतो." मला पटलं होतं, पण पटलं असं मी म्हणाले नाही. म्हणाले, मग नुसतं वाकून पाहा, कपाळाला हात कशाला लावता? तुम्ही एक डांगर फोडून माझ्या हातावर ठेवलंत आणि "खाय" म्हणालात. तो वाद तिथेच राहिला. मी हरले होते, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

आता तो दिवस. त्याबद्दल गावात इतकं खोटं बोललं गेलं आहे की मला तो सरळ सांगावासा वाटतो, तुम्हालाच, कारण खोटं आढळलं तर मला थांबवणारे तुम्हीच होता.

पलीकडच्या वस्तीत माझ्या शाळेला एक खोली बांधून झाली होती आणि तिच्या उद्घाटनाला पंचायत समितीचे सभापती येणार होते. मी पंधरा दिवस मुलांकडून स्वागताचं गाणं बसवून घेत होते. आदल्या रात्री वर कुठं तरी पाऊस झाला असणार. पाणी चढलं होतं, गढूळ होतं. मुनिमानं तुमच्या दोर ओढणाऱ्या चौघांतले दोघं सकाळीच पलीकडे नेले होते, मांडव घालायला. दोरावर नामदेव आणि अजून एक जण. सभापतींची जीप घाटावर आली तेव्हा नऊ वाजून गेले होते. ते, त्यांची तीन माणसं, पाटील, मुनीम, मी आणि पेढ्यांची टोपली घेतलेला एक माणूस, असे आम्ही बसलो. म्हणजे बाकीचे बसलो. सभापती उभेच राहिले, डोंग्याच्या बुडात ओल होती म्हणून. तुम्ही दोनदा बसा म्हणालात. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

दोघांनी ओढून ओढून डोंगा दुसऱ्या बाभळीपर्यंत आला आणि पुढे हलेना. तुम्ही बांबू रोवला आणि म्हणालात, "समद्यांनी उतरा. तिसऱ्या बाभळीलोक पायी चाला. मी रिकामा डोंगा वर आनतो, मंग बसा."

सभापतींनी काठाकडे पाहिलं. काठावर नुसता काळा चिखल. त्यांचं धोतर परीटघडीचं. म्हणाले, "अरे, आम्ही लहानपणी इथूनच जात होतो. हीच बाभूळ ना?"

"तवा खांब नव्हते, साहेब."

"समोर तर घाट दिसून राहिला."

"दिसते. पन पानी तिकडं नाई चाललं. पानी खांबावर चाललं. उतरा, चिखल धुता येते."

मुनीम उठला. त्याला सभापतींसमोर दिसायचं होतं. "मादू, सोड डोंगा. नाई तं उद्यापासून दुसरा मानूस पायतो मी."

"पाय ना," तुम्ही म्हणालात. "पन आज मीच आहो." आणि वाकून पाण्याला हात लावलात.

मग थोडा वेळ गेला. त्या थोड्या वेळाचं मी पुढं सांगते. मग तुम्ही नामदेवला दोर सोडायला सांगितलंत.

पेंढ्या जशा गेल्या होत्या तसेच आम्ही गेलो. मध्यावर येईपर्यंत सगळं ठीक वाटत होतं, सभापती "पाहा" असंही म्हणाले. मग डोंगा आडवा झाला. खांब आमच्याकडे यायला लागला. उभे असलेले सभापती आधी पेढ्यांवर पडले आणि मग पाटलांवर, आणि सगळं वजन एका कडेला गेलं. तुम्ही ओरडलात, "मधात या, समदे मधात," आणि वल्हं टाकून डोंग्याच्या दोराचं मोकळं टोक कमरेला बांधलंत आणि उडी मारलीत. तुम्हाला खांबाच्या सळया धरून वर चढताना आणि दोराचे दोन वेढे सळयांना मारताना मी पाहिलं. डोंगा त्या दोरावर थांबला आणि खांबाभोवती फिरला. फिरताना त्याची कड आणि खांब यांच्यामधे तुम्ही होता. आवाज झाला नाही. पलीकडच्या माणसांनी पोहत येऊन आम्हाला एकेकाला काढलं. सगळे निघालो. तुम्हाला शोधायला दीड दिवस लागला, आणि सापडलात ते दोन कोस खाली.

ती खोली त्याच दिवशी उघडली, काका. तासाभरानं. सभापतींना कोणी तरी कोरडं धोतर दिलं, कोणी चहा दिला, आणि एवढी माणसं जमलीच आहेत तर फीत कापून घेऊ असं ठरलं. तुमचा पत्ता नव्हता. नामदेव अलीकडच्या काठावर पाण्यात गळ्यापर्यंत उभा राहून तुमच्या नावानं हाका मारत होता. मी पलीकडच्या घाटावर बसले होते. एक जण मला बोलवायला आला, "बाई, पोरं थांबून राहिले." मी गेले नाही. पण मुलांना गाणं पाठ होतं. मी नसतानाही त्यांनी ते पूर्ण म्हटलं, एक कडवं न विसरता, आणि ते सगळं मला घाटावर ऐकू आलं. त्या खोलीत मी अजून पाऊल ठेवलेलं नाही. मुलांना बाहेर लिंबाखाली शिकवते.

तेव्हापासून मी गावावर चिडून आहे. पाटलांना मी भर ओसरीवर विचारलं की तुम्ही डोंग्यात होता, कानांनी ऐकलंत, मग सही कशी केलीत? ते म्हणाले, "त्यात काय खोटं आहे, बाई? अलीकडूनच सुटला ना?" पेढेवाला म्हणाला, आमी गरीब मानसं. ज्यांना वाचवण्यासाठी तुम्ही जीव दिलात ते सगळे मूग गिळून बसले, आणि वर मला समजावायला लागले की मेलेल्याचं आता काय जाते? मेलेल्याचंच जातं. जिवंत माणूस निदान भांडू शकतो.

रविवारी रात्री जेवताना मी मायला म्हटलं, माझी नोकरी गेली तर? ती भाकरी थापत राहिली. मग म्हणाली, "त्यानं आपल्याले नेलं होतं तवा त्याची गेली असती तं?" एवढंच. मी मायलाही ती गोष्ट सांगितली नव्हती.

सोमवारी मी दर्यापूरला गेले. नामदेव सोबत आला. मी नको म्हटलं होतं. तहसिलीत एक भाऊसाहेब जबानी लिहून घेत होते, टेबलावर तंबाखूची डबी, तिच्याखाली तुमचा कागद. त्यांनी विचारलं, "डोंगा सोडा असं कोन म्हनलं?"

"सभापती म्हणाले. मुनीम म्हणाला. मादूकाकांनी दोघांनाही नाही म्हटलं."

"मंग सोडला कावून?"

इतके दिवस, काका, मी या प्रश्नाची वाट पाहत होते आणि कोणीच तो विचारत नव्हतं.

"मी म्हणाले म्हणून," मी म्हटलं.

त्या दिवशी मी नवं पातळ नेसले होते. पांढरं, बारीक काठाचं, उद्घाटनासाठी घेतलेलं. तुम्ही उतरा म्हणालात तेव्हा मीही त्या चिखलाकडे पाहिलं होतं, सभापतींनी पाहिलं तसंच. पलीकडे मुलं तासभर उन्हात उभी होती. तुम्ही वाकलेले होता, हात पाण्यात होता, पाणी पाहत होता. आणि मी रोजच्यासारखं हसत म्हणाले, "झालं का काका तुमचं? सोडा आता, एखाद्या दिवशी चालतं." सभापती हसले. तुम्ही मान वर करून माझ्याकडे पाहिलंत. पेंढ्या माझ्यासमोर टाकल्या होत्या तुम्ही. त्या डोंग्यात तुमच्याखेरीज ते पाणी फक्त मलाच कळत होतं. तुम्हाला वाटलं असेल की बाई म्हणते म्हणजे बघूनच म्हणत असेल. "मास्तरीण म्हनते तं सोडू," तुम्ही म्हणालात, आणि उभे राहिलात.

भाऊसाहेबांनी हे सगळं भराभर लिहिलं. माझं नाव, माझ्या बापाचं नाव, शाळा, एक अक्षर न चुकता. मी म्हटलं, आता वरचे दोघंही लिहा. दोर ओढणारी माणसं कोणी काढून नेली ते लिहा, चिखलात उतरायला कोण तयार नव्हतं ते लिहा, खांब लिहा. त्यांनी टाक ठेवला. "ते त्यांच्या त्यांच्या जबानीत आलं, बाई."

आलं नव्हतं. मी वाचलं होतं. मी कागद माझ्याकडे ओढला, टाक उचलला आणि खाली जी जागा होती तिथं सगळं माझ्या हातानं लिहिलं. सभापतींचं नाव, मुनिमाचं नाव, दोन माणसं, तीन बाभळी, दोन खांब. मुलांना पाटीवर लिहून देते तसं सुटं सुटं, कोणालाही वाचता येईल असं. आणि सही अगदी शेवटच्या ओळीला चिकटून केली, मधे कोणाला काही घुसवता येऊ नये म्हणून. भाऊसाहेब म्हणाले, "यानं मयतावरचा ठपका निघन, पन तुमची बदली तरी नक्की. नाई तं घरीच." मी म्हटलं, माहीत आहे.

बाहेर नामदेव पायरीवर बसला होता. मला वाटलं, आधी याला सांगायला हवं होतं. मी उभ्या उभ्याच सांगितलं, नामदेव, तुझ्या बाबांनी माझ्या सांगण्यावरून डोंगा सोडला. तो चप्पल घालत होता. मान वर न करता म्हणाला, "मालूम आहे, बाई. मी दोरावर होतो ना. आयकलं मी."

"मग सांगितलं का नाहीस? डोंगा काढून घेतला तुझा."

"बाबानं सांगतलं असतं काय?" तो म्हणाला. "चला, यष्टी भेटन."

सतरा दिवस मी गावाला मुकं म्हणत फिरत होते, काका. पाटलांना, पेढेवाल्याला, सगळ्यांना. आणि तुमचा मुलगा माझ्यासाठी गप्प बसला होता, घरात चूल थंड ठेवून. येताना यष्टीत तो माझ्या शेजारी झोपून गेला. मी खिडकीतून बाहेर पाहत होते आणि मला तुमचाच राग येत होता. सभापतींना तुम्ही नाही म्हणालात. मुनिमाला नाही म्हणालात. पाटलीणबाईंना भरल्या डोंग्यात नाही म्हणालात. मग मला एकटीला नाही म्हणायला तुम्हाला काय झालं होतं?